‘आधी वाचून या’

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी मध्यंतरी मला भेटावयास आली होती. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकलेली आणि पुढे संगणकशास्त्राच्या पदवीसाठी शहरात आलेली. प्रोग्रामिंग करणाऱ्या मंडळींच्या एका मेळाव्यास ती मोठ्या उमेदीने गेली होती. व्याख्यान संपल्यावर धीर करून तिने एक प्राथमिक शंका विचारली. व्यासपीठावरील गृहस्थ क्षणभर थांबले, ‘हे तुम्हांला ठाऊक नाही?’ असे म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. मागून कोणीतरी पुस्ती जोडली, ‘आधी वाचून या!’ शंका तशीच राहिली. मुलगी मला म्हणाली, ‘सर, त्या दिवसापासून मी माणसांना काही विचारत नाही. खोलीवर बसून यंत्राला विचारते. ते निदान हसत तरी नाही.’

तिच्या या वाक्याने मी अस्वस्थ झालो. एका मुलीचा हिरमोड झाला एवढाच त्याचा अर्थ असता तर मी दोन धीराचे शब्द बोलून थांबलो असतो. परंतु ज्ञानाची देवघेव माणसामाणसांतून उठून एका खाजगी यंत्राच्या दारी कशी जाऊन बसते, याचा सारा इतिहास त्या वाक्यात आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

नवख्याला फटकारण्याची ही रीत एका मेळाव्यापुरती नाही. या व्यवसायात ‘आर. टी. एफ. एम.’ हे चार इंग्रजी अक्षरांचे संक्षिप्त रूप अनेक दशके प्रचलित आहे. त्याचा सभ्य अर्थ ‘माहितीपुस्तिका वाच’ एवढाच. मधले एक अक्षर मात्र शिवीचे आहे. शंका विचारणाऱ्यास शिवीसकट परत पाठविणे हा जेथे विनोद मानला जातो आणि तो विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, तेथे दोष एखाद्या व्यक्तीच्या तापट स्वभावाचा राहत नाही. तो त्या समाजाच्या रचनेचा होतो.

या वागणुकीकडे शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ‘जरा गोड बोलावे’ असा उपदेश केला की पाहणाऱ्याचे समाधान होते. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मला यात मिरासदारी दिसते. कोणत्याही कसबाचे धनी आपली किंमत दोन मार्गांनी टिकवू शकतात. एक, काम अधिक चांगले करून. दुसरा, ते काम करू शकणाऱ्यांची संख्या थोडी राखून. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने अनेक धंद्यांत शिरण्यापूर्वी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ॲडम स्मिथने १७७६ साली तिची चिकित्सा केली. लांबलचक उमेदवारीची कसब शिकण्यास गरज नाही. तिचा खरा उपयोग धंद्यातील स्पर्धा रोखण्यास होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. उमेदवारीची ती कलमे १८१४ साली रद्द झाली. प्रोग्रामिंगच्या धंद्यात असा कायदा नाही. पदवीवाचूनही येथे प्रवेश मिळतो, याचा या मंडळींना अभिमान आहे आणि तो अगदीच अनाठायी नाही. परंतु दाराला कुलूप नसले म्हणून दार उघडे असतेच असे नव्हे. उंबऱ्यावर अपमान बसवून ठेवला की कुलपाची गरज उरत नाही. ज्याच्या घरात आधीपासून संगणक आहे, इंग्रजी आहे, बरोबरीचे चार मित्र आहेत, तो हा अपमान हसण्यावारी नेतो. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, तो ‘हे आपले काम नव्हे’ असे समजून परत फिरतो. निवड झाली, आणि ती कोणी केली याचा पुरावाही मागे राहिला नाही.

‘आम्ही वाचूनच शिकलो’ हा या मंडळींचा आवडता दावा आहे. इतिहास तो मान्य करीत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेला एनिॲक हा संगणक १९४६ च्या फेब्रुवारीत जगापुढे आला. त्याच्या आज्ञावल्या रचण्याचे काम सहा स्त्रियांनी केले. वाचावयास माहितीपुस्तिकाच नव्हती! त्या स्त्रियांनी यंत्राच्या जोडणीचे आराखडे पुढ्यात घेतले आणि ते बांधणाऱ्या अभियंत्यांना प्रश्न विचारून विचारून ते आत्मसात केले. म्हणजे या व्यवसायाचा आरंभच नवख्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून झाला आहे. प्रदर्शनाच्या दिवशी त्या सहा जणींचे श्रेय कोणी उच्चारले नाही, हा त्याच कथेचा दुसरा भाग.

पुढे १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्त्झ यांनी ‘बेसिक’ ही भाषा तयार केली. विज्ञानाचा विद्यार्थी नसलेल्यालाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता. त्या भाषेने पुढे असंख्य सामान्य मुलांना या विद्येची पहिली पायरी चढविली. ती निर्दोष होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु एड्स्गर डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १९७५ साली असे लिहिले की, बेसिकशी आधी गाठ पडलेल्या विद्यार्थ्याला चांगले प्रोग्रामिंग शिकविणे जवळजवळ अशक्य असते. त्याच्या बुद्धीला कायमचे अपंगत्व येते. भाषेतील दोष दाखविणे हा शास्त्रज्ञाचा अधिकार आहे. पण जी पायरी गरिबाला परवडते, ती चढून येणाऱ्यालाच बाटलेला ठरविणे, ही वृत्ती महाराष्ट्राला नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विद्येला सोवळे असते, असे मानणाऱ्यांचे राज्य आपण पाहिले आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. जाणकार म्हणतात, ‘आम्ही फुकट मदत करतो. तोच प्रश्न शंभर जण शंभर वेळा विचारतात. काही जण तर स्वतःचा गृहपाठ आमच्याकडून करून घेऊ पाहतात. आमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?’ आहे, निश्चित आहे. वेळ ही दुर्मीळ वस्तू आहे, हे मी अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला शिकवीत असे. एरिक रेमंड यांनी २००१ साली ‘प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत’ या आशयाचा एक निबंध लिहिला. त्यातील पुष्कळसा सल्ला उपयुक्त आहे: आधी स्वतः शोधा, काय करून पाहिले ते सांगा, नेमके लिहा. परंतु त्या निबंधाचा बहुतेक भार विचारणाऱ्याच्या डोक्यावर आहे. सांगणाऱ्याने कसे वागावे याला शेवटी थोडी जागा मिळाली आहे. शिवाय शहाणपणाने प्रश्न विचारावयास विषयाची निम्मी जाण आधीच असावी लागते. कोणता शब्द शोधावा हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘शोधून ये’ म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास ‘आधी पोहून ये, मग पाण्यात घेतो’ असे सांगण्यासारखे आहे. आणि अपमान करावयास वेळ लागत नाही काय? दोन ओळींचा उपहास लिहावयास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ‘अमुक प्रकरण पाहा, तेथे उत्तर मिळेल’ एवढे सहज लिहून होते.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. कठोरपणा नसेल तर काम ढिसाळ होईल, असे म्हणतात. या मताचे पुरस्कर्ते लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे उदाहरण देत असत. त्यांच्या शिव्यागाळीची कीर्ती त्यांच्या कामाइतकीच पसरली होती. ते नवख्यांवर नव्हे, तर जबाबदारीच्या जागांवरील अनुभवी सहकाऱ्यांवर तुटून पडतात, असा त्यांचा बचाव केला जाई. परंतु थोरल्यांना चारचौघांत झोडपलेले पाहून धाकटा काय शिकतो? एक तर तो पळून जातो, नाही तर पुढे तोही तसेच झोडपू लागतो. २०१८ च्या सप्टेंबरात खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामापासून रजा घेतली. त्याच सुमारास लिनक्स प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्यामुळे लिनक्स कोसळले नाही.

याहून बोलका पुरावा अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आहे. तेथे संगणकशास्त्राच्या पदवीवर्गात प्रवेश घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण १९९५ साली ७ टक्के होते. २००० साली ते ४२ टक्के झाले. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी या बदलाचा अभ्यास २००२ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यांना असे दिसले की, लहानपणापासून संगणकाशी खेळलेली मुले वर्गात ज्या तोऱ्याने वावरतात, त्यामुळे नवख्या मुली स्वतःला नालायक समजू लागतात. पूर्वानुभवाचे अंतर त्यांना बुद्धीचे अंतर वाटते. विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी पूर्वानुभवाला दिलेले अवाजवी वजन कमी केले आणि नवख्यांसाठी पहिल्या पायरीचे स्वतंत्र वर्ग ठेवले. पदवीची इयत्ता उतरवावी लागली नाही. उंबरा तेवढा उतरवावा लागला. त्या विद्यापीठाचा नावलौकिक त्यामुळे रतिभरही घटला नाही.

येथवरचे विवेचन पुष्कळांना मान्य होईल. आता मी मूळ मुद्द्याकडे वळतो: नवख्याच्या अपमानाची किंमत शेवटी कोण मोजतो?

जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली सुरू केलेले ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचे जगातील सर्वांत मोठे भांडार ठरले. लक्षावधी जाणकारांनी तेथे पैचीही अपेक्षा न ठेवता उत्तरे लिहिली. लेखकाचे नाव द्यावे आणि ती कोणीही वापरावीत, अशा मुक्त परवान्याखाली ती ठेवली गेली. ज्ञानाचे एवढे मोठे गायरान मानवी इतिहासात क्वचितच निर्माण झाले असेल. त्याबद्दल त्या मंडळींना मुजरा केला पाहिजे. परंतु त्याच गायरानावर प्रतिष्ठेच्या गुणांची उतरंड रचली गेली. उत्तराला मत देण्यासाठी इतके गुण, टिपणी करण्यासाठी इतके, दुसऱ्याचा प्रश्न बंद करण्यासाठी मत देण्यास तीन हजार! प्रश्नात ‘नमस्कार’ वा ‘आभारी आहे’ असे लिहिणेही तेथे केरकचरा मानले जाई. नवख्याचा प्रश्न काही मिनिटांत ‘पूर्वीच विचारला गेला आहे’ म्हणून बंद होई. २०१८ च्या एप्रिलमध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर कबुली दिली की, आपले वातावरण नवशिक्यांना, स्त्रियांना आणि वर्णीय अल्पसंख्यकांना परके व उर्मट वाटते.

पुढचा घटनाक्रम वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा. २०२१ साली नेदरलँड्समधील प्रोसस या बड्या कंपनीने हे भांडार १८० कोटी डॉलरना विकत घेतले. उत्तरे लिहिणाऱ्यांच्या हाती त्यातला डॉलरही पडला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी हे बोलके यंत्र बाजारात आले आणि तेव्हापासून तेथील नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. २०२३ च्या जूनमध्ये तेथे बिनपगारी देखरेख करणाऱ्या नियंत्रकांना कंपनीविरुद्ध संप पुकारावा लागला. २०२४ च्या मे महिन्यात कंपनीने चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआयशी करार केला. निषेध म्हणून काही जणांनी स्वतः लिहिलेली उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांचीच खाती गोठविण्यात आली. मालक कोण, हे त्या दिवशी उघड झाले. नवख्यांना हुसकावून ज्यांनी वर्षानुवर्षे गुण मिळविले, ते स्वतःला वतनदार समजत होते. वस्तुतः ते बिनपगारी पहारेकरी होते.

गायरान आणि ज्ञान यांत एक मूलभूत फरक आहे. गायरानात फार गुरे चरली तर ते उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली दाखवून दिले की, वापरणाऱ्यांनीच नियम केले तर तेही टिकते; त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्ञान मात्र वापरल्याने संपत नाही. ते उजाड होते ते नवे कोणी न आल्याने. प्रत्येक नवा प्रश्न हे त्या रानातले नवे बियाणे असते. आजचा विचारणारा उद्याचा सांगणारा होतो. ‘गर्दी फार झाली’ म्हणून ज्यांनी नवख्यांना हाकलले, त्यांनी चराऊ कुरणाचा नियम ज्ञानाला लावला आणि आपलेच रान ओसाड केले.

यंत्राकडे लोक वळले ते केवळ अपमानामुळे, असे मी म्हणत नाही. यंत्राचा वेग आणि सोय ही कारणे आहेतच. परंतु माणसांकडे जाण्याची ओढ आधीच मारली गेली नसती, तर हे स्थलांतर इतके सहज झाले नसते. यंत्र नवख्याला हसत नाही, हे खरे. सावकारही दारी आलेल्या कुळाला हसत नसे. तो बसावयास घोंगडी टाकीत असे. पूर्वी एकाने विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर सर्वांच्या उपयोगी पडे. आता तोच प्रश्न बंद खोलीत विचारला जातो, उत्तर त्या खोलीतच राहते आणि त्या संवादाचे भांडवल कंपनीच्या तळघरात जमा होते. आज थोडे फुकट आहे. उद्याचा दर कोण ठरविणार? आणि माणसांनी उघड्यावर प्रश्नोत्तरे करणेच थांबविले, तर हे यंत्र पुढे शिकणार तरी कशावरून?

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत: भाषा आणि जात. स्टॅक ओव्हरफ्लोने पोर्तुगीज, जपानी, रशियन आणि स्पॅनिश भाषांत शाखा काढल्या. कोट्यवधींच्या एकाही भारतीय भाषेत काढली नाही. आपल्या प्रोग्रामरांनीही तशी मागणी जोराने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, कारण इंग्रजी ही त्यांची चढण्याची शिडी होती. तुटक इंग्रजीत लिहिलेल्या प्रश्नाची टिंगल परदेशी गोरा जेवढी करतो, त्याहून कमी आपला शहरी पदवीधर करीत नाही. महात्मा फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन, वरच्या वर्गाला शिकविले की ज्ञान आपोआप खाली झिरपते, या भ्रमावर कोरडे ओढले. ते झिरपणे आजही कागदावरच आहे. ज्ञान खाली झिरपत नाही. ते हात धरून न्यावे लागते.

येथे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. आपल्या अभ्यासमंडळांत गिरणीतला एखादा नवा पोरगा ‘वरकड मूल्य म्हणजे काय?’ असे विचारी, तेव्हा ‘आधी मार्क्स वाचून ये’ असे आपल्यापैकी किती जण म्हणाले? मीही म्हणालो आहे. वर्गातही शंका विचारणाऱ्याकडे चष्म्यावरून पाहण्याची सवय मला होती. किती मुले त्या नजरेमुळे गप्प झाली याचा हिशेब नाही, आणि तो नाही हाच माझ्याविरुद्धचा पुरावा आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, शिकविणे हे श्रम आहेत, हे मान्य करावे. सामाईक ज्ञानावर गबर झालेल्या कंपन्यांनी नवख्यांना शिकविण्याचा वेळ पगारी कामात धरला पाहिजे. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या सनदेत घालावी. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ‘आउटरीची’सारखा उपक्रम नवख्यांना मार्गदर्शक आणि वेतन दोन्ही देतो, म्हणजे हे अशक्य नाही. दुसरी गोष्ट, वागण्याचे नियम लिहून काढावेत. न्यूयॉर्कच्या ‘रिकर्स सेंटर’ या शिक्षणस्थानी एक साधा नियम आहे: ‘तुला हे ठाऊक नाही?’ असे खोटे आश्चर्य कोणी दाखवावयाचे नाही. एवढा एक नियम पाळला असता तरी त्या मुलीची शंका फिटली असती. तिसरी गोष्ट, शासनाची. केरळने २००१ पासून सरकारी शाळांत संगणकशिक्षणाची मोहीम उभारली, पुढे तीत मुक्त सॉफ्टवेअर आणले आणि २०१८ साली ‘लिट्ल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे शाळाशाळांतून काढली. महाराष्ट्राने त्याकडे डोळे उघडून पाहावे. चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. तालुक्यातालुक्यांतील आपल्या वाचनालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी की, जेथे कोणीही मराठीतून संगणकाविषयी कोणताही प्रश्न विचारावा, उत्तर जाहीर मिळावे आणि ते सर्वांसाठी लिहून ठेवले जावे.

ती मुलगी निघताना मी तिला म्हणालो, ‘तू यंत्राला खुशाल विचार; पण पुढच्या वर्षी तुझ्या मागून येणाऱ्याने तुला विचारले, तर त्याला यंत्राकडे पाठवू नकोस.’ ती हसली. म्हणाली, ‘सर, आमच्या वसतिगृहातल्या धाकट्या मुलींना मी रविवारी शिकवतेच आहे.’ कोणाचेही गुण, पदक वा परवानगी न घेता तिने ते सुरू केले आहे. मिरासदारी मोडण्याचे काम तेथे सुरू झाले आहे. आपण निदान त्या खोलीत सतरंजी तरी टाकू या.